पाच नंबरची टाकी

माझे वडील नेव्हीतून सुटले आणि लखनौला येऊन राहिले. रत्नागिरीकडचा, लहानपणापासून खाडीत डुंबलेला माणूस, बारा वर्षं बोटीवर काढलेला, आणि घर कुठे केलं, तर जिथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र दिसायला आगगाडीत झोप काढावी लागते तिथे. कोणी विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं असे : रेल्वेच्या कारखान्यात माजी सैनिकांसाठी जागा तिथेच होती. आईला ते कधी पटलं नाही. जागा मुंबईलाही होती, तिच्या भावाने अर्जाचा कागद हातात आणून दिला होता. पण बाबांशी वाद घालायचा म्हणजे आपणच बोलायचं आणि आपणच दमायचं. आई दमली आणि आम्ही लखनौच्या आलमबागचे झालो.

मी इथेच जन्मले, हिंदीत शिकले आणि केंद्र सरकारच्या एका कचेरीत हिंदी अनुवादक म्हणून चिकटले. माझं मराठी आईच्या ओरडण्यातून आलेलं आहे, त्यामुळे रागात ते जास्त बरं वाहतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे राग बराच आहे.

बाबांचा एक नेम होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते चौकात, म्हणजे लखनौच्या जुन्या वस्तीत, जायचे. तिथल्या एका गल्लीच्या टोकाला, दोन खोल्या आणि मधे इवलंसं अंगण असलेल्या घरात एक बाई एकट्या राहून चिकनचं भरतकाम करत. आम्ही त्यांना चाची म्हणायचो. त्यांचा नवरा बाबांच्याच बोटीवर होता आणि बोटीवरच अपघातात गेला, एवढं आम्हाला ठाऊक होतं. बाबा तिथे अर्धा तास बसायचे, चहा प्यायचे, फारसं काही बोलायचे नाहीत आणि निघताना एक कुर्ता विकत घ्यायचे. दर महिन्याला एक. आमच्या घरात माणसं तीन आणि कुर्त्यांनी दोन ट्रंका भरलेल्या. "यांनी नेव्ही सोडली ती कापडाचं दुकान टाकायला," आई म्हणायची, "फक्त गिऱ्हाईक आणायचं राहून गेलं." गावाकडे कोणाचं लग्न निघालं की आहेराची चिंता नसायची. आमच्या कोकणातल्या कितीतरी पोरी चिकनचे कुर्ते घालून आंबे उतरवत असतील.

पुढे बाबांचे गुडघे गेले. गल्लीत रिक्षा शिरत नसे, म्हणून मग मी त्यांच्याबरोबर जायला लागले.

नव्वदीच्या दशकाच्या मध्याला बाबांना मुंबईहून एक जाड पाकीट आलं. त्यांच्या बोटीवरच्या जुन्या माणसांचा मेळावा भरायचा होता. जे उरलेत त्यांना एकदा भेटून घेऊ, असा सूर होता. त्या निमित्ताने एक पुस्तिका काढायची आणि तिच्यात बोटीचा सगळा सेवेचा इतिहास द्यायचा. ते काम तू कर, तुला सगळं पाठ असतं, असं पत्रात लिहिलं होतं. बाबांनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. चौथ्यांदा आईला वाचून दाखवायला लावलं. ती पोहे निवडत होती. "मग लिहा की," म्हणाली, "इथे तुम्हाला दुसरं काय काम आहे?"

झालं. कचेरीतला एक जुना टाइपरायटर घरी नेण्याची मी परवानगी काढली आणि रविवारी सकाळी आमचा कारखाना सुरू झाला. बाबा खुर्चीत, मांडीवर वह्या. मी पाटावर, समोर यंत्र. ते मराठीत सांगणार, मी तिथल्या तिथे हिंदी करून टाइप करणार, कारण बोटीवरची माणसं सगळ्या मुलखांची होती.

बोट म्हणजे विनाशिका. लढाईच्या काळात इंग्रजांनी घाईघाईने बांधलेली. लांब, अरुंद, भरपूर वेगाची आणि पत्र्याने पातळ. "वाऱ्याने पोट हलायचं तिचं," बाबा म्हणाले. "हे लिहू?" मी विचारलं. "नको. वेगवान होती, एवढंच लिही." थंड समुद्रात मालाच्या जहाजांना सोबत करण्यात तिची पहिली वर्षं गेली. पाणबुड्यांच्या मागे धावली, बुडालेल्या जहाजांची माणसं उचलली. लढाई संपल्यावर इंग्रजांना तिचं ओझं झालं आणि आपल्याला नवीन देशासाठी बोटी हव्या होत्या. ती आणायला गेलेल्या खलाशांत बाबा होते, मिसरूड नीट फुटलेलं नव्हतं तेव्हा. त्यांनी तिकडे पाहिलेली बोट गंजलेली होती, खालच्या कप्प्यात कोणीतरी भिंतीवर खडूने आपल्या बायकोचं नाव लिहून ठेवलेलं होतं. त्यांनी ते पुसलं, तिथे रंग दिला. मग नवं नाव, नवा झेंडा, सुएझमधून घरी. पुढे परदेशी पाहुण्यांना सलामी, वादळात सापडलेल्या गावांना तांदूळ आणि औषधं, तोफांचा सराव. म्हातारी झाल्यावर पोरांना शिकवण्यापुरती ठेवली, आणि शेवटी एक दिवस झेंडा उतरवून भंगारवाल्याला दिली.

बाबा स्टोकर होते. म्हणजे बोटीच्या पोटात, बॉयलरपाशी. त्या खोलीतला उकाडा त्यांनी मला सांगायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. "तुला आपल्या जूनची लू ठाऊक आहे ना? तसं. फक्त दार बंद." एवढं बोलून ते पुढच्या वर्षाकडे वळले.

मला मजा येत होती. हे कबूल करायला हवं. बाबा आयुष्यात माझ्याशी इतकं बोललेच नव्हते. त्यांना एकेका बंदराची तारीख पाठ होती, मुक्काम किती दिवसांचा तेही पाठ. माझा स्वभाव पडला खडूस. कचेरीत दुसऱ्यांच्या मसुद्यातल्या चुका काढून काढून तसा झालाय. त्यामुळे मी बाबांच्याही चुका शोधत होते आणि मिळत नव्हत्या. एकच मिळाली, अकराव्या पानावर. मुंबईहून कोचीनला बोट नेहमीपेक्षा एक दिवस उशिरा पोचली होती. पानावर एवढंच होतं : टाक्यांची सफाई करून प्रस्थान, कोचीन.

"बाबा, इथे एक दिवस जास्तीचा आहे."

"असेल."

"हवा खराब होती?"

"टाइप कर गो," ते म्हणाले, आणि वहीचं पान उलटलं.

पुढच्या पहिल्या रविवारी आम्ही चौकात गेलो. बाबांनी चाचींना इतिहासाचं काही सांगितलं नव्हतं. मीच उत्साहाने सांगितलं, पुस्तक निघणार, जहाजाचं सगळं येणार. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप तोंडाला लावला. मग ते नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या दुकानात पान खायला गेले. चाचींनी ते जाईपर्यंत वाट पाहिली. सुई कापडात खोचून ठेवली आणि म्हणाल्या, "बिटिया, उसमें उनका भी जिक्र होगा?"

"होगा चाची. क्यों नहीं होगा?"

त्या आत गेल्या आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात दोन कागद होते. एक सरकारी, इंग्रजी, घडीवर फाटलेला. मी अनुवादक, मला वाचायला सांगितला. कोणी पूर्वी वाचून दाखवला नव्हता असं नाही, त्यांना तो पाठ होता. पण मी वाचावं असं त्यांना वाटत होतं. चौकशीचा निकाल होता. मृत स्टोकर तेलाच्या पाच नंबरच्या टाकीची सफाई करून बाहेर आला होता, त्याने आपला बिल्ला खिळ्यावरून काढून घेतला होता, आणि त्यानंतर कोणाच्याही परवानगीशिवाय तो पुन्हा टाकीत उतरला. कारण समजू शकले नाही.

दुसरा कागद म्हणजे पत्र. उर्दूतलं, मला वाचता आलं नाही. चाचींनी सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, नवऱ्याने दोन ईदा घरी काढल्या नव्हत्या, सासूशी रोज कटकट. त्यांना लिहिता येत नव्हतं. शेजारच्या मुलीकडून त्यांनी रागारागाने लिहून घेतलं : येऊ नका आता, आमच्यासाठी तुम्ही नसल्यासारखेच आहात. पत्र बोटीवर पोचलं. आणि मग नवऱ्याच्या सामानाबरोबर, उघडलेलं, परत घरी आलं.

"उन्होंने पढ़ा और अंदर उतर गए," चाची म्हणाल्या. मोहल्ल्यातही सगळे हेच म्हणत, की पत्र वाचून त्याने जीव दिला. सासू तर मरेपर्यंत म्हणत होती. "बिटिया, भाईसाहब से कहिए, किताब में यह न लिखें कि खुद गए थे. जो लिखना है लिखें, बस इतना न लिखें."

मी हो म्हटलं. बाबा परत आले, त्यांनी कुर्ता घेतला, आम्ही निघालो. रिक्षातही तो जास्तीचा दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

घरी आल्यावर मी टाइपरायटरवरचं झाकण काढलं, अकरावं पान पुन्हा घातलं आणि म्हटलं, "बाबा, चाचींनी मला चौकशीचा कागद दाखवला. या पानावर काय होतं ते सांगा."

बाबा खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, बाकीची पानं सांगितली त्याच आवाजात, जणू एखाद्या बंदराचा मुक्काम.

टाकी साफ करायची म्हणजे वरच्या एका भोकातून आत उतरायचं, दिव्याच्या उजेडात भिंतीवरचा तेलाचा चिकट थर पट्टीने खरवडायचा आणि बादल्यांनी बाहेर द्यायचा. आत कोण आहे हे कळावं म्हणून भोकाशेजारी खिळ्यांची फळी असे. आत जाताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला खिळ्यावर लावायचा, बाहेर आल्यावर आपणच काढून पट्ट्याला अडकवायचा. सगळे खिळे रिकामे झाले की वरचा अंमलदार झाकण बसवून नट आवळणार. नियम असा होता. पण बोटीवर गोडं पाणी मोजून मिळे. सफाईवाल्यांना आंघोळीसाठी अर्धा तास नळ सोडायचे, आणि जो आधी पोचेल त्याच्या बादल्या भरायच्या. म्हणून स्टोकरांनी आपली एक रीत पाडली होती. जोड्या करायच्या. जोडीतला जो आधी बाहेर पडेल त्याने दोघांचे बिल्ले काढायचे आणि धावत जाऊन दोन बादल्या धरायच्या. मागच्याने तेलाचे हात फळीला लावले तर अंमलदार ओरडे, तेही वाचायचं. सगळे असंच करायचे. अंमलदारालाही ठाऊक होतं.

"त्याची नि माझी जोडी," बाबा म्हणाले. "पायरीवर तो माझ्या मागेच होता. म्हणाला, चल, आलो. मी दोन्ही बिल्ले काढले."

"आणि तो?"

"दिवा आत राहिला होता त्याचा. दिवा हरवला तर शिक्षा. तो घ्यायला वळला असणार."

बाबांनी दोन बादल्या भरल्या. आपली आंघोळ केली. दुसरी बादली झाकून ठेवली, बिल्ला त्याच्या बिछान्यावर टाकला. त्या दिवशी बोट अचानक सुटायची होती, सगळ्यांची धांदल. खिळे रिकामे दिसले, अंमलदाराने भोकातून एक हाक मारली आणि झाकण आवळलं. संध्याकाळच्या हजेरीला माणूस कमी निघाला. बिछान्यावर बिल्ला, म्हणजे टाकीतून वर आला होता; बोटीवर कुठे नाही, म्हणजे पाण्यात गेला. बोट उलटी फिरवली आणि एक दिवस समुद्र शोधला. मग कोचीन. तिथे तेल भरण्याआधी पाच नंबरचं झाकण उघडलं.

मी टाइपरायटरवर हात ठेवून बसले होते. त्यातलं एक अक्षरही मी टाइप केलं नव्हतं.

"चौकशीत तुम्हाला विचारलं नाही?"

"विचारलं. त्याला बाहेर आलेला कोणी पाहिला?"

"मग?"

"मी म्हटलं, मी पाहिला."

चोवीस वर्षांचं वय होतं. खरं सांगितलं तर कोर्ट, तुरुंग, गावात म्हातारी आई. अंमलदारालाही तेच उत्तर हवं होतं, नाहीतर एकच हाक मारून झाकण का आवळलं याचा जाब त्याला द्यावा लागला असता. मग त्या माणसाच्या कपाटात बायकोचं पत्र सापडलं आणि सगळ्यांना कारणही मिळालं. कागदावर लिहिलं नाही, पण बोटीवर सगळे तेच बोलायला लागले. बाबांनी ते ऐकून घेतलं.

नेव्ही सुटली तेव्हा रेल्वेच्या जागा निघाल्या होत्या. बाबांनी लखनौ मागून घेतलं. चौकात घर शोधून काढलं. पहिल्याच भेटीत सगळं सांगायचं ठरवून गेले होते. चाचींनी चहा दिला आणि विचारलं, "आप उनके साथ थे?" बाबा म्हणाले, "जी." तिथे एक कुर्ता पडला होता, तो विकत घेतला आणि परत आले. मनाशी म्हणाले, पुढच्या महिन्यात सांगू.

बोट भंगारात निघाल्यावर ते रेल्वेचा पास काढून एकटेच मुंबईला गेले होते. तो प्रवास मला आठवत होता, शाळेत होते मी. तीन दिवस ते गोदीच्या कुंपणाशी उभे राहून तिला कापताना बघत होते, पाच नंबरच्या टाकीचा पत्रा सुटा होईपर्यंत. "वाटलं, आता मिटलं," ते म्हणाले.

मी चिडले. मला बाबांची कीव यायला हवी होती, लोकांना येते, पुढे ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांना आली. मला आली नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती बाई होती, जी एका रागाच्या पत्रापायी जवळजवळ चाळीस वर्षं स्वतःला नवऱ्याची मारेकरी समजत होती, आणि दर महिन्याला तिच्यासमोर बसून चहा पिणारा माझा बाप. मी म्हटलं, "तुम्ही तिचे कुर्ते घेत होता. कुर्ते!" आवाज इतका चढला की आई आतून आली. तिला सगळं पुन्हा सांगावं लागलं. मीच सांगितलं. ती दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणून मला इथे आणलंत." आणि आत गेली. त्या दिवशी तिने बाबांना ताट वाढलं, पण समोर बसली नाही.

पुढचे तीन आठवडे घरात शब्दाने शब्द वाढत होता. बाबांचं म्हणणं, ते पान आहे तसं जाऊ दे. आता सांगून कोणाचं भलं होणार? ती माझं तोंड बघणार नाही. मी म्हटलं, नको बघू दे. तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर ते वाईट दिसेल, तुम्हालाच. हे धमकावणंच होतं. मला त्याची लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. शेवटच्या शनिवारी त्यांनी स्वतःहून पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

पहिल्या रविवारी रिक्षात बसल्यावर मात्र माझा धीर सुटायला लागला. चारबाग स्टेशनच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मी त्यांना म्हटलं, "बाबा, एक ऐका. त्यांनी विचारलं की त्रास झाला का, तर नाही म्हणा. टाकीत तेलाचा वायू असतो ना? सांगा, माणूस लगेच बेशुद्ध पडतो, काही कळत नाही. एवढं खोटं चालेल."

त्यांनी मान हलवली. "खरंच असं होतं ना?" मी विचारलं. त्यांनी पुन्हा मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही.

चाची अंगणात उन्हाला बसून काम करत होत्या. डोळे अधू झाले होते, कापड नाकाशी धरायच्या. बाबा बसले नाहीत. उभ्यानेच, हिंदीत, सगळं सांगितलं. बिल्ल्यांची रीत, दोन बादल्या, दिवा, रिकामे खिळे. चौकशीत मी पाहिला असं सांगितलं, तेही. त्यांचं हिंदी कारखान्यातलं, रांगडं. चाचींसमोर ते एरवी जपून बोलायचे, त्या दिवशी जसं आलं तसं बोलले. मी आधाराला हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही.

चाचींनी कापड मांडीवर ठेवलं.

"बिल्ला आपने उतारा था."

"जी."

"वो बाहर आए ही नहीं थे."

"जी नहीं."

गल्लीतून कोणीतरी भाजीवाला ओरडत गेला. चाचींनी मांडीवरच्या कापडात सुई खोचली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, बाबांकडे नाही, "बिटिया, मैं हर नमाज के बाद उनके लिए माफी मांगती रही. उस गुनाह की, जो उन्होंने किया ही नहीं."

मी रडायला लागले. माझं रडणं तिथे कोणाच्या उपयोगाचं नव्हतं, पण आवरेना. चाची रडल्या नाहीत. त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "अंदर से आवाज तो दी होगी?"

मी घाईने मधे पडले. "नहीं चाची, वहाँ गैस होती है, आदमी फौरन बेहोश..."

"थांब," बाबा मला म्हणाले. मराठीत. मग चाचींकडे वळले. "दी थी. टाकी की दीवार हमारे बॉयलर वाले कमरे से लगी हुई थी. मैं ड्यूटी पर था. लोहा पीटने की आवाज आती रही. हमने समझा पुराना जहाज है, गरम होकर पत्रा बोल रहा है. किसी ने कहा भी, आज बुढ़िया बहुत खटखटा रही है. हम हँसे."

मला त्या क्षणी बाबांचं तोंड दाबावंसं वाटलं. चाळीस वर्षं खोटं बोलला हा माणूस आणि जिथे एका खोट्याने उपकार झाले असते तिथे याला खरं बोलायचं होतं! मी त्यांचा दंड धरून ओढला. ते हलले नाहीत.

"कितनी देर?" चाचींनी विचारलं.

"दो घंटे तो मैंने सुना."

"जोर से?"

"पहले जोर से. फिर रुक-रुककर."

"दो घंटे," चाची म्हणाल्या. त्या थोड्या पुढे झुकल्या होत्या. मला वाटलं कोसळतात, म्हणून मी खाली बसून त्यांचा खांदा धरला. पण त्या माझाच हात घट्ट धरून ताठ झाल्या. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. ओठ हलत होते.

"तो वो बाहर आना चाहते थे," त्या म्हणाल्या. "मेरा खत पढ़कर भी, बाहर आना चाहते थे."

त्यांनी मान वर करून बाबांकडे पाहिलं नाही, त्या दिवशी नाही आणि त्यानंतर कधीच नाही. माझा हात मात्र सोडला नाही.

"बिटिया, किताब में लिख दीजिए," त्या म्हणाल्या. "लिखिए कि दो घंटे दीवार पीटते रहे."